ख्रिस्ती कादंबऱ्यांविषयी एका वाचकाची कैफियत

सकाळी संध्या आटोपून कचेरीस जाणाऱ्या आणि सोमवारी देवळात पालखीपुढे उभे राहणाऱ्या गृहस्थाच्या उशाशी 'बेन-हर' किंवा 'क्वो वाडिस' आढळावे, याचे आमच्या स्नेह्यांस नवल वाटते. काहीजण हसून सोडून देतात. काही मात्र गंभीर होऊन विचारतात, "वकीलबाब, हे कशासाठी?" प्रश्न रास्त आहे, आणि तो गेली वीस वर्षे या ना त्या रूपाने आमच्यापुढे येत असल्यामुळे एकदा रीतसर कैफियत दाखल करावी असे वाटते. कैफियत म्हणजे कबुलीजबाब नव्हे, एवढे मात्र आरंभीच सांगून ठेवतो.

ज्या वाचकांना या जातीच्या कादंबऱ्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी कृती थोडक्यात अशी. काळ बहुधा पहिल्या शतकातील रोमन साम्राज्याचा. एक उन्मत्त, देखणा, धनवान तरुण. एक शालीन, निष्कांचन, पण मनाने वज्राहून कठीण अशी ख्रिस्ती मुलगी. एक वेडा बादशहा. तळघरातील गुप्त उपासना. एक प्रचंड शरीराचा इमानी सेवक. रिंगण, रथ, सिंह. शेवटी तरुणाचा गर्व जातो, धर्म बदलतो आणि मुलगी मिळते. कधी दोघांचे प्राणही जातात. पुरणपोळीची कृती घरोघर एकच असते. तरी एका घरची पोळी ताटात पडताच संपते आणि दुसऱ्या घरची आग्रहावाचून खाली उतरत नाही. या कादंबऱ्यांचेही तसेच आहे.

या वाङ्मयाचा जन्मच मुळी भांडणातून झाला, ही गोष्ट आमच्यासारख्यांस विशेष आवडते. चार्ल्स किंग्स्ली या इंग्लंडातील प्रॉटेस्टंट पाद्र्याने १८५३ साली 'हिपेशिया' लिहिली. त्यात अलेक्झांड्रिया शहरातील ख्रिस्ती बैराग्यांच्या जमावाने एका विदुषीचा, जुन्या देवांच्या पक्षातील तत्त्ववेत्तीचा, खून केल्याची हकीकत आहे. ही घटना इतिहासातील असून तिचे साल इसवी सन ४१५ हे आहे. किंग्स्लीचा रोख वरवर पाचव्या शतकावर असला, तरी खरा रोख त्याच्या काळच्या कॅथॉलिकांवर होता. ते कॅथॉलिकांनी ओळखले. कार्डिनल वाइझमन यांनी १८५४ साली 'फॅबिओला' लिहून उत्तर दिले, आणि १८५५ साली न्यूमन यांनी 'कॅलिस्टा' लिहून त्यात भर घातली. दावा, कैफियत आणि पुरवणी कैफियत असा हा क्रम आहे. तिन्ही लेखक धर्मोपदेशक. तिघांनीही प्रेमकथेचे अंगरखे आपल्या मुद्द्यांवर चढविले. मुद्दे आज कोणास आठवत नाहीत, अंगरखे मात्र पुढच्या सगळ्या लेखकांनी वापरून वापरून मळविले.

या तिघांच्या मानाने 'बेन-हर'चा कर्ता ल्यू वॉलेस हा पाद्री नव्हता. तो आमच्याच धंद्यातला. अमेरिकेच्या इंडियाना प्रांतात वकिली करणारा हा गृहस्थ यादवी युद्धात सेनापती झाला. १८६२ सालच्या शायलो येथील लढाईत त्याची पलटण वेळेवर रणांगणी पोहोचली नाही असा ठपका त्याच्यावर आला, आणि तो धुऊन काढण्यासाठी त्याने पुढे जन्मभर लेखण्या झिजविल्या. १८६५ साली लिंकनच्या खुनाच्या कटातील आरोपींचा न्याय करणाऱ्या लष्करी मंडळावर तो बसला होता. दिवाणी न्यायालये उघडी असताना सामान्य नागरिकांवर लष्करी न्यायासन चालविता येणार नाही, असा निवाडा त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी, १८६६ साली, मिलिगन याच्या खटल्यात दिला. हा मिलिगन इंडियानाचाच. असे अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने कादंबरी लिहिली तर ती न्याय आणि अन्याय यांखेरीज दुसऱ्या कशावर लिहिणार?

१८७६ साली आगगाडीत वॉलेसची गाठ रॉबर्ट इंगरसॉल या प्रसिद्ध निरीश्वरवाद्याशी पडली. तोही वकील! दोन वकील, एक रात्र, आणि विषय ईश्वराचे अस्तित्व. वॉलेसच्या ध्यानात आले की समोरच्याचे खंडन करावे इतकेही ज्ञान आपल्यापाशी नाही. त्याने अभ्यास आरंभिला. पुढे न्यू मेक्सिको प्रदेशाचा राज्यपाल असताना सांता फे येथील सरकारी वाड्यात रात्री बसून त्याने पुस्तक पुरे केले, आणि १८८० साली ते प्रसिद्ध झाले. दिवसा तो काय करीत होता हेही सांगण्याजोगे आहे. बिली द किड नावाच्या बंदूकबहाद्दर पोरास माफीचा साक्षीदार करण्याची बोलणी त्याने १८७९ साली चालविली होती. पोराने साक्ष दिली. माफी काही त्यास मिळाली नाही. ईश्वरी क्षमेवर ग्रंथ लिहिणाऱ्या लेखकाच्या चरित्रातील हे कलम समीक्षक सहसा वाचीत नाहीत, आम्ही वाचतो.

आता 'बेन-हर'मधील खटला पाहा. जेरुसलेम शहरात नव्या रोमन अधिकाऱ्याची मिरवणूक चालली आहे. यहुदी सरदारपुत्र ज्यूडा गच्चीच्या कठड्यावरून वाकून पाहतो, त्याच्या हाताच्या भाराने एक कौल निसटते आणि नेमके अधिकाऱ्याच्या मस्तकी पडते. बालमित्र मेस्साला बोट दाखवून सांगतो, हाच तो. बस्स. साक्षीपुरावा नाही, जबानी नाही, उलटतपासणी नाही. मुलगा जन्मभर वल्ही मारण्यास युद्धनौकेवर, आई-बहीण अंधारकोठडीत, वाडा जप्त. पुढे नौकेवरील रोमन सरदार ॲरियस त्या कैद्याला त्याची हकीकत विचारतो, आणि तुझा खटलाच झाला नाही हे ऐकून तो रोमन चकित होतो. ते पान आम्ही कित्येकदा वाचले असेल. रथांच्या शर्यतीसाठी लोक हे पुस्तक वाचतात, चित्रपटही त्या शर्यतीसाठीच पाहतात. १९५९ सालच्या चित्रपटास अकरा ऑस्कर पारितोषिके मिळाली त्यांत या घोड्यांचा वाटा मोठा. आम्हांस मात्र शर्यतीपेक्षा ॲरियसच्या चेहऱ्यावरील तो अचंबा मोलाचा वाटतो. आरोपीची गाठ फिर्यादीशी घालून दिल्यावाचून, त्यास उत्तराची संधी दिल्यावाचून शिक्षा करण्याची रोमनांची रीत नाही, असे बायबलातील प्रेषितांच्या कृत्यांमध्ये फेस्तस नावाचा रोमन अधिकारीच सांगतो. वॉलेसने ते अचूक टिपले आहे.

सगळेच अचूक टिपले असे नव्हे. रोमन युद्धनौकांवर साखळदंडांनी जखडलेले गुलाम वल्ही मारीत नसत. वल्हेकरी बहुतेक स्वतंत्र, पगारी माणसे असत असे इतिहासकार सांगतात. कैद्यांना वल्ह्यास जखडण्याची चाल युरोपात पुष्कळ शतकांनी रूढ झाली. या मुद्द्याकडे आपण पुढे परत येऊ, कारण त्याचा धागा गोव्याशी जुळतो.

हिंदू वाचकास 'बेन-हर'च्या पहिल्याच भागात एक चकित करणारी गोष्ट भेटते. येशूच्या जन्मी ताऱ्याच्या मागोमाग आलेले जे तीन ज्ञानी पुरुष, त्यांपैकी एकास वॉलेसने मिसरी, दुसऱ्यास ग्रीक आणि तिसऱ्यास चक्क हिंदू ब्राह्मण केले आहे! वाळवंटात तिघे एकत्र येतात. प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलतो आणि तिघांसही एकमेकांचे बोलणे कळते. मराठी आणि कोंकणी शेजारी शेजारी छापणाऱ्या या मासिकाच्या वाचकांस हा चमत्कार फारसा मोठा वाटणार नाही. हा ब्राह्मण, मेल्किओर, वेदांची थोरवी सांगतो, जातींच्या उतरंडीचे दुःख सांगतो, प्रेमरूप एका ईश्वराचा ध्यास घेऊन स्वजनांपासून दुरावल्याचे सांगतो. त्याच्या बोलण्यातील जातिभेदाचा भाग आमच्या जिव्हारी लागतो, कारण तो खरा आहे. परंतु प्रेमरूप ईश्वर शोधण्यासाठी हिंदुस्थानातील माणसास बेथलेहेमची वाट धरल्यावाचून गत्यंतरच नव्हते, हे मात्र न्यू मेक्सिकोत बसून लिहिणाऱ्या माणसालाच सुचावे. गीतेतील भक्तियोगाचा किंवा आळवारांचा वारा त्याच्या ग्रंथालयापर्यंत पोहोचलेला दिसत नाही. शिवाय आमची एक तक्रार आहे. मिसरी ज्ञानी शेवटपर्यंत कथेत वावरतो, त्याची मोहक कन्या तर कारस्थाने करून पुस्तक गाजविते. ब्राह्मण आणि ग्रीक मात्र पहिल्या भागानंतर कोठे गेले याची लेखकास फिकीर नाही. आमचा माणूस बाळास नमस्कार करण्यापुरताच बोलावला होता.

वॉलेसची एक गोष्ट आम्हांस फार मानवते. १८९९ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 'बेन-हर' आले तेव्हा खरे घोडे फिरत्या पट्ट्यांवर धावत. पण ख्रिस्ताचे सोंग कोणा नटाने घ्यावयाचे नाही, अशी वॉलेसची अट होती. त्याच्या जागी प्रकाशाचा एक झोत रंगमंचावर पडे. जत्रेच्या रात्री देवळाच्या मंडपात दशावतारी खेळ पाहात वाढलेल्या आम्हांस ही अट पहिल्यांदा वाचली तेव्हा गंमत वाटली. आमचा विष्णू पडद्यामागे विडी ओढून येतो, मुकुट सावरतो आणि सभामंडपातील म्हाताऱ्या त्याच्या पाया पडतात. त्यांना नट दिसत नाही असे नाही. नटही दिसतो आणि देवही दिसतो. वॉलेसच्या प्रेक्षकांना दोन्ही एकदम दिसण्याची सवय नव्हती.

या पुस्तकाने कायद्याच्या इतिहासातही एक पान मिळविले आहे, ते सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. १९०७ साली केलेम नावाच्या कंपनीने कोणाचीही परवानगी न घेता 'बेन-हर'चा छोटा मूक चित्रपट काढला. प्रकाशक हार्पर आणि इतर हक्कदार न्यायालयात गेले. कंपनीचे म्हणणे असे की, आम्ही पुस्तकातील एक शब्दही छापला नाही, केवळ चित्रे हलविली. १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी हे म्हणणे फेटाळले. शब्दांवाचून केवळ हावभावांनी कथा सांगणे हेही नाट्यच आहे, असा त्यांच्या निवाड्याचा आशय. कादंबरीवरून चित्रपट काढण्यापूर्वी लेखकाची परवानगी घ्यावी लागते, हा आज सर्वमान्य झालेला नियम या निवाड्याच्या पायावर उभा आहे.

'क्वो वाडिस'कडे वळताना आम्ही आवाज थोडा खाली आणतो, कारण येथे कारागिरी संपून वाङ्मय सुरू होते. हेन्रिक सिएन्कीविच हा पोलंडचा लेखक. त्याने ही कादंबरी लिहिली तेव्हा पोलंड हा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. १८९५-९६ साली वृत्तपत्रातून क्रमशः आलेल्या या कथेची नायिका लिजिया आणि तिचा अजस्र सेवक उर्सुस हे दोघे ज्या जमातीचे आहेत ती प्राचीन पोलंडच्या भूमीतील, हे पोलिश वाचकांस सांगावे लागत नव्हते. नीरोच्या रिंगणात उर्सुस जेव्हा रानरेड्याची मान पिळून त्याच्या शिंगांना बांधलेल्या लिजियेस सोडवितो, तेव्हा वॉर्सामधील वाचकाच्या मनात कोणता रेडा उभा राहत असेल, हे ज्यांनी परकी राजवट पाहिली त्यांस ठाऊक आहे. गोव्यातील वाचकांनी तर ती १९६१ पर्यंत पाहिली. सिएन्कीविच यास १९०५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि या कादंबरीत आमचे मन ज्यावर जडले तो ख्रिस्ती नव्हे. तो नीरोच्या दरबारातील रसिकराज पेट्रोनियस. टॅसिटस या इतिहासकाराने त्याचे चित्र दिलेले आहे. सिएन्कीविचने त्यात प्राण भरले. नव्या धर्माची थोरवी त्यास समजते, तो ती मान्य करतो, आणि तरीही म्हणतो की हा मार्ग माझा नव्हे. शेवटी बादशहाची मर्जी फिरल्यावर मित्रांस मेजवानी देऊन, नीरोच्या भिकार कवितांवर एक पत्र लिहून तो आपल्या शिरा उघडतो. लेखक निष्ठावंत कॅथॉलिक होता. तरी जे जग मावळावे असे त्याची श्रद्धा सांगते त्याच जगाचे सर्वांत सुंदर मरण त्याने लिहिले. हे औदार्य 'फॅबिओला'त नाही, 'बेन-हर'मध्ये क्वचित आहे.

दुसरे पात्र कायलो या ग्रीक लबाडाचे. हा पैसे घेऊन ख्रिस्ती लोकांची नावे देणारा खबऱ्या. असले खबरे आम्ही कोर्टाच्या ओसरीवर रोज पाहतो. दहा रुपयांत पाहिजे ती जबानी. नीरोच्या बागेत ख्रिस्ती लोकांना जिवंत पलिते करून जाळतात तेव्हा त्याने ज्याचा संसार बुडविला तो ग्लॉकस खांबावरून त्याच्याकडे पाहतो आणि त्यास क्षमा करतो. तेथे तो खबऱ्या कोसळतो आणि भर गर्दीत बादशहाकडे बोट दाखवून आग लावणारा हाच, असे ओरडतो. जन्मभर खोट्या साक्षी दिलेल्या माणसाची ही एकच खरी साक्ष.

नायकाविषयी मात्र आम्ही इतके समाधानी नाही. विनिसियस हा प्रारंभी लिजियेस पळवून आणू पाहणारा दांडगा. पुढे तिच्या प्रेमाने तो ख्रिस्ती होतो. या जातीच्या जवळजवळ सर्व कादंबऱ्यांत असेच घडते. धर्म हृदयाच्या दारातून येतो आणि ते दार प्रेमाने आधीच उघडून ठेवलेले असते. करार कायद्याच्या सोळाव्या कलमात 'गैरवाजवी दडपण' म्हणून एक प्रकार सांगितला आहे: एका पक्षाचा दुसऱ्याच्या मनावर एवढा पगडा असेल की त्याची इच्छा स्वतंत्र राहत नाही, तर ती संमती खरी नव्हे. सुंदर मुलीच्या डोळ्यांतील पाणी हा पगडा नव्हे असे कोण न्यायाधीश म्हणेल? धर्मांतर केवळ चिंतनाने झाले असा नायक आम्ही या कादंबऱ्यांत शोधतो. सहसा सापडत नाही. उलट दिशेचा प्रवास तर या लेखकांच्या नकाशावरच नाही. ख्रिस्ती तरुणाने प्रेमापोटी मिनर्व्हादेवीपुढे धूप जाळला, अशी कथा त्यांच्यापैकी कोणी लिहून पाहिली असती तर आम्ही ती प्रथम विकत घेतली असती.

'द रोब' या १९४२ सालच्या लॉइड डग्लस यांच्या कादंबरीविषयी फार लिहीत नाही. क्रुसाखाली फासे टाकून येशूचा झगा जिंकणाऱ्या रोमन अधिकाऱ्याची कल्पना उत्तम, पण कर्ता निवृत्त पाद्री असल्यामुळे मधली दोनशे पाने प्रवचनास लागली आहेत. १९५३ सालचा तिचा चित्रपट रुंद पडद्यावरील सिनेमास्कोप पद्धतीचा पहिला चित्रपट होता. मोठ्या पडद्यावर प्रवचनही मोठे दिसते.

आता खऱ्या आक्षेपाकडे येतो. आमच्या देवस्थानाच्या वाचनालयास काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने ग्रंथांची पेटी भेट दिली. तीत वर उल्लेखिलेल्या कादंबऱ्यांपैकी पाच-सहा होत्या. त्या नोंदवहीत चढवाव्या की परत कराव्या, यावर समितीत बोलणे निघाले. समितीतील सर्वांत वयोवृद्ध सदस्य, ज्यांना आम्ही सर्वजण काका म्हणतो, बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वकीलबाब, तांचीं पुस्तकां आमी वाचतात, आमचीं कोण वाचता?" त्यांच्या स्वरात राग नव्हता. आमच्या कुलदेवाचे मूळ स्थान साष्टीत होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील देवळे पाडली गेली तेव्हा लोकांनी आपापल्या देवता उचलल्या आणि नदी ओलांडून त्या काळी आदिलशाहीत असलेल्या अंत्रूज महालात आणून वसविल्या. काकांच्या आजीने ती हकीकत तिच्या आजीकडून ऐकलेली. काका ती सांगतात तेव्हा होडीत स्वतः बसून आल्यासारखी सांगतात. अशा माणसापुढे, ख्रिस्ती लोकांचा छळ कसा झाला हे सांगणाऱ्या कथांची तरफदारी आम्ही कोणत्या तोंडाने करावी?

आम्ही जी केली ती अशी. सुमारे इसवी सन ११२ मध्ये बिथिनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने ट्रेजन बादशहास पत्र लिहून विचारले की या ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांचे काय करावे. ट्रेजनचे उत्तर आजही उपलब्ध आहे. त्याचा आशय असा: त्यांना हुडकीत फिरू नये; कोणी समोर आणून गुन्हा शाबीत केला तर शिक्षा करावी; जो नाकारील आणि आमच्या देवांस पूजील त्यास सोडावे; आणि निनावी अर्ज कोणत्याही आरोपात मुळीच घेऊ नयेत. आता याच्या शेजारी गोव्यातील इन्क्विझिशन ठेवा, जी १५६० साली सुरू झाली आणि मध्यंतरीची काही वर्षे सोडता १८१२ पर्यंत चालली. तेथे फिर्यादीचे नाव आरोपीस सांगत नसत. साक्षीदार कोण हे सांगत नसत. शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य, स्वतः कॅथॉलिक, तिच्या तावडीत सापडला. त्याचा १६८७ साली छापलेला वृत्तान्त प्रसिद्ध आहे. आपल्यावरील आरोप काय हे आरोपीने स्वतःच आठवून कबूल करावे अशी अपेक्षा होती, असे तो सांगतो. १६७६ साली त्यास पाच वर्षे गॅलीची शिक्षा झाली. म्हणजे खटल्यावाचून वल्ह्यास जुंपलेला जो ज्यूडा वॉलेसने पहिल्या शतकातील म्हणून रंगविला, त्याच्या अधिक जवळचा भाऊबंद सतराव्या शतकात जुन्या गोव्यात होता. ज्या मूर्तिपूजक रोमने ख्रिस्ती लोकांस सिंहांपुढे टाकले, त्या रोमचा बादशहा निनावी अर्ज घेत नव्हता. ज्या न्यायासनाने ख्रिस्ताचे नाव घेतले त्याचा कारभार मात्र गुप्त साक्षींवर चालला.

काकांस हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, मग तर ही पुस्तके परतच करावीत. आमचे म्हणणे नेमके उलट होते. तळघरात मिणमिणता दिवा लावून कुजबुजत प्रार्थना करणारी माणसे आम्ही 'क्वो वाडिस'मध्ये वाचतो तेव्हा आम्हांस जुवारीच्या काळ्या पाण्यावरची ती होडी दिसते. (रोममधील ती भुयारे मुख्यतः दफनभूमी होती, लपण्याची जागा नव्हे, असे संशोधक म्हणतात, पण कादंबरीकारांनी ते मनावर घेतलेले नाही.) होडीतल्या लोकांनी काय बोलणे केले, मूर्ती कशात गुंडाळली, पैलतीरी पहिला नैवेद्य कशाचा दाखविला, कोणते घर मागे राहिले आणि कोणता भाऊ मागे राहून बाटला, हे आमच्या पूर्वजांनी लिहून ठेवले नाही. ती कादंबरी लिहिली गेली नाही. परक्यांच्या पुस्तकातील त्याच प्रसंगाने आम्ही ती भूक भागवितो. किंग्स्लीने, एका पाद्र्याने, ख्रिस्ती जमावाने केलेला खून कादंबरीच्या केंद्रस्थानी ठेवला, हेही आम्ही काकांस सांगितले. अखेर ठराव झाला तो असा की पेटीतील पुस्तके ठेवावीत, आणि वाचनालयाच्या खर्चाने अ. का. प्रियोळकर यांचा गोव्याच्या इन्क्विझिशनवरील १९६१ सालचा इंग्रजी ग्रंथ घेऊन त्याच कपाटात लावावा. सूचना काकांची. अनुमोदन आमचे.

मराठीत या जातीचे काही नाही असे मात्र नव्हे. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' साष्टीतील रायतूर येथे १६१६ साली छापले गेले. ते काव्य, कादंबरी नव्हे. पण मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती १८५७ सालची 'यमुनापर्यटन', आणि तिचे कर्ते बाबा पदमनजी हे बेळगावचे, हिंदू घरात जन्मून ख्रिस्ती झालेले. तीत रोम नाही, सिंह नाहीत. प्रवासात ठिकठिकाणी भेटणाऱ्या आपल्याच विधवा आहेत. यमुनेवर स्वतः ती वेळ येते आणि अखेर तिला नवा धर्म आणि नवा संसार मिळतो. उपदेश पानोपानी आहे, कलाकुसर बेताची आहे, पण एक प्रश्न उरतोच. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली, म्हणजे पुस्तकाच्या एकच वर्ष आधी झाला होता. धर्म सोडल्याने वारसाहक्क बुडत नाही असा कायदा १८५० साली झाला होता. म्हणजे कायद्याने दोन दारे उघडली होती. यमुनेस तिच्या लोकांनी पहिल्या दाराने जाऊ दिले असते, तर दुसऱ्याची गरज बाबा पदमनजींना कथेत पटवून देता आली असती काय? रोमन कादंबऱ्या वाचताना आम्ही पिडलेल्यांच्या बाजूस असतो. ही वाचताना आम्ही रिंगणाच्या भोवती बसलेल्यांत असतो. म्हणूनच ती थोडे लोक वाचतात.

गमतीची गोष्ट अशी की मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी 'मोचनगड' (१८७१) हिचे कर्ते रामचंद्र भिकाजी गुंजीकर हेही बेळगाव भागातलेच. ऐतिहासिक कादंबरीही तिकडली, ख्रिस्ती कादंबरीही तिकडली; दोन्ही एकत्र करणारा मात्र कोणी निघाला नाही.

अमेरिकेत हा प्रवाह अद्याप जोरात वाहतो. तेथे अशा कादंबऱ्यांची स्वतंत्र दालनेच आहेत. फ्रान्सिन रिव्हर्स यांची 'अ व्हॉइस इन द विंड' (१९९३) जुन्या वळणाची: जेरुसलेमच्या पाडावानंतर गुलाम होऊन रोममध्ये आलेली हदासा, तिच्यावर जीव जडलेला धनिकपुत्र मार्कस, आणि अखेर रिंगण. हदासा चांगली आहे, इतकी चांगली की मध्येच तिने एखादे भांडे आपटावे असे वाटते. आम्हांस अधिक आवडली ती कॅनडाच्या जॅनेट ओक यांची १९७९ सालची छोटी कादंबरी 'लव्ह कम्स सॉफ्टली'. तीत बादशहा नाही की हौतात्म्य नाही. पश्चिमेकडे निघालेल्या मार्टी नावाच्या गर्भवती तरुणीचा नवरा वाटेत अपघाताने मरतो. हिवाळा तोंडावर, परतीची वाट बंद. क्लार्क नावाचा विधुर शेतकरी तिला त्याच दिवशी लग्नाची मागणी घालतो, कारण त्याच्या लहान मुलीस आई हवी आहे. तिला संताप येतो, पण दुसरा निवारा नाही.

लग्न आधी आणि प्रेम मागाहून, या क्रमाचे अमेरिकन वाचकांस केवढे अप्रूप वाटले! आमच्याकडे ही कादंबरी घरोघर घडलेली आहे. पुस्तकांच्या कपाटाशी उभ्या असलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी कथा ऐकून एवढेच विचारले, "यात नवे काय?" नवे आहे ते क्लार्कने घातलेले एक कलम. तो म्हणतो, वसंतात गाड्यांचा तांडा पूर्वेकडे निघेल; तेव्हा तुला जावेसे वाटले तर तुझे भाडे मी भरीन. लग्नाच्या बोलीतच सुटकेची तरतूद, तीही बलवान पक्षाने, दुर्बल पक्षाच्या हितासाठी, मागितल्यावाचून! वकिलीच्या वीस वर्षांत असा करारनामा आमच्या हातून एकदाही लिहिला गेला नाही. तो धर्माविषयी फार बोलत नाही. सकाळी बायबल वाचतो, गोठा साफ करतो, मुलीची वेणी घालण्याचा प्रयत्न करतो.

वसंतात तांडा निघतो तेव्हा मार्टी गाडीत बसते की नाही, ते येथे सांगत नाही. पुस्तक आता वाचनालयात तिसऱ्या कपाटात, प्रियोळकरांच्या ग्रंथाच्या खालच्या फळीवर आहे. गेल्या खेपेस ते मागावयास गेलो तेव्हा बाहेर दिलेले होते.